जिनेव्हाचं आवर्तन आणि टेलचं शेत

१७ सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तीचा दिवस, हे इथल्या लहान पोरांनाही पाठ असतं. आदल्या दिवशी काय घडलं ते मात्र मला चाळिशी येईपर्यंत ठाऊक नव्हतं. १६ सप्टेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये संयुक्त राष्ट्रांची सुरक्षा परिषद बसली आणि तिनं हैदराबादचा प्रश्न विषयपत्रिकेवर घेतला. निजाम सरकारची तक्रार ऑगस्टमध्येच गेलेली होती. भारतीय फौजा १३ सप्टेंबरला संस्थानात शिरल्या, १६ ला परिषदेनं विषय दाखल करून घेतला, १७ ला निजामानं लढाई थांबवल्याचं जाहीर केलं. परिषद या विषयावर पुन्हा बसली तोवर शरणागतीही होऊन गेली होती.

आपल्या दृष्टीनं ते चांगलंच झालं. पण मला त्यातली दुसरी बाजू टोचत राहिली. तक्रार एका राजवटीची होती, म्हणून तिला पॅरिसपर्यंत वाट तरी सापडली. रझाकारांच्या भीतीनं घरदार टाकून सरहद्दीपलीकडे गेलेल्या माणसांचं म्हणणं ऐकायला जगात कुठेच बैठक भरत नव्हती. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क आयोग तेव्हा होता. पण लोकांकडून येणाऱ्या तक्रारींवर काही करण्याचा आपल्याला अधिकार नाही, असं त्यानं १९४७ मध्येच ठरवून टाकलं होतं. मग १९४८ च्या १० डिसेंबरला, त्याच पॅरिसमध्ये, मानवी हक्कांचा जाहीरनामा मंजूर झाला. हक्क कागदावर आले. ते मिळतात की नाही हे कुणी तपासायचं, आणि कधी तपासायचं, हे ठरायला कितीतरी वर्षं गेली. त्यातलं 'कधी' तर अजूनही नीट ठरलेलं नाही. हा लेख त्या 'कधी'बद्दल आहे.

बैठकांचं वेळापत्रक म्हटलं की विषय कारकुनी वाटतो. ज्यानं कालव्याच्या पाण्यावर शेती केली आहे त्याला तसा वाटणार नाही. आमची जमीन परभणी जिल्ह्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्यावर, एका चारीच्या टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला आहे. पैठणहून निघालेला हा कालवा २०८ किलोमीटरचा. आवर्तन सुटलं की हेडच्या शेतांना पाणी आधी मिळतं, टेलला पोचेपर्यंत धार बारीक होते, आणि कधी कधी पाणी पोचायच्या आत आवर्तनच संपतं. त्यातही सात नंबरचा फॉर्म भरून मागणी केली असेल तरच तुमची पाळी. अण्णा रात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जायचे ते 'आज रात्री येईल' एवढ्या एका निरोपावर. तो निरोप चुकला की गहू वाळायचा. नाथसागरात, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयात, पाणी किती आहे हा एक प्रश्न झाला. ते आपल्या बांधाला कोणत्या रात्री लागणार, हा अगदी वेगळा प्रश्न आहे, आणि पीक त्या दुसऱ्या प्रश्नावर जगतं.

मानवी हक्कांच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेचंही तसंच आहे.

या व्यवस्थेत दोन वेगवेगळे कालवे आहेत आणि बातम्यांमध्ये त्यांची सतत गल्लत होते. एक आहे मानवी हक्क परिषद. तिच्यात देश बसतात, ४७ देश, निवडून आलेले. दुसऱ्या आहेत करार समित्या. त्यांत देश नव्हे तर माणसं बसतात, त्या त्या विषयातले जाणकार. दोन्हींच्या बैठका जिनेव्हात होतात, म्हणून गोंधळ वाढतो.

परिषदेची गोष्ट आधी सांगते, कारण तिथे वेळापत्रक एकदा बदलून झालं आहे. परिषदेच्या आधी तिच्या जागी तो जुना आयोग होता. त्याची बैठक वर्षातून एकदा भरायची, साधारण सहा आठवडे, आणि मग वर्षभर दार बंद. १९९४ मध्ये आयोगाची बैठक मार्चमध्ये संपली. ७ एप्रिलला रवांडात तुत्सींचं हत्याकांड सुरू झालं. आयोग खास बैठकीसाठी जमला तो २४ मे रोजी. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार सुमारे शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली गेली. बैठक भरली तेव्हा त्यातले जवळपास निम्मे दिवस उलटून गेले होते. बैठक लवकर झाली असती तर ती माणसं वाचली असती, असं मी म्हणणार नाही. सुरक्षा परिषद तर वर्षभर बसत असते आणि तिनंही त्यांना वाचवलं नाही. पण ज्या संस्थेचं कामच हक्कांवर लक्ष ठेवणं आहे, तिचं दार वर्षातले दहा महिने बंद असावं, ही रचना कुणाच्याही गळी उतरणारी नव्हती.

२००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेनं आयोग गुंडाळून परिषद आणली. ठरावात वेळेचा हिशोब स्पष्ट लिहिला: वर्षातून किमान तीन अधिवेशनं, मिळून किमान दहा आठवडे, आणि एक तृतीयांश सदस्यांनी, म्हणजे १६ देशांनी मागितलं तर तातडीची खास बैठक. आणखी एक मोठी गोष्ट झाली. जगातल्या प्रत्येक देशाचा ठरलेल्या क्रमानं आढावा घ्यायचा असं ठरलं. कुणी अर्ज केला म्हणून किंवा कुणी बदनाम आहे म्हणून आढावा, असं त्यात नाही. पाळी आली की आढावा. वर्षात साधारण बेचाळीस देश, प्रत्येकाला साडेतीन तास. भारताची पाळी २००८, २०१२, २०१७ आणि २०२२ अशी आली आणि प्रत्येक वेळी भारत सरकार तिथे हजर होतं. पहिल्या फेरीत एकही देश सुटला नाही.

हे लक्षात ठेवा, कारण आता दुसऱ्या कालव्याकडे जायचं आहे आणि तिथलं पाणी फार वेगळं वाहतं.

करार समित्या एकूण दहा आहेत. वंशभेदाविरुद्धचा करार, नागरी आणि राजकीय हक्कांचा, आर्थिक-सामाजिक-सांस्कृतिक हक्कांचा, स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाविरुद्धचा म्हणजे आपल्याकडे चळवळीत 'सीडॉ' म्हणतात तो, बालहक्कांचा, अपंग व्यक्तींच्या हक्कांचा. या सहा करारांवर भारतानं शिक्कामोर्तब केलेलं आहे. छळाविरुद्धच्या करारावर भारतानं १९९७ मध्ये सही केली, पण शिक्कामोर्तब केलेलं नाही, म्हणून त्या समितीपुढे भारताची पाळीच येत नाही. दहा समित्यांत मिळून १७२ सदस्य. त्यांना पगार नाही. प्रवासखर्च आणि भत्ता मिळतो. बहुतेक जण प्राध्यापक, वकील, निवृत्त न्यायाधीश असतात आणि स्वतःची नोकरी सांभाळून हे काम करतात.

कामाची पद्धत अशी. करार मान्य करणाऱ्या देशानं ठरावीक वर्षांनी अहवाल द्यायचा: आम्ही हे केलं, हे राहिलं. समिती तो वाचते, प्रश्न काढते, मग देशाचं शिष्टमंडळ जिनेव्हाला जातं आणि दोन दिवसांत मिळून सहा तास सवाल-जवाब होतात. शेवटी समिती निरीक्षणं आणि शिफारशी लिहून देते. सरकारच्या अहवालासोबत संस्था-संघटनाही आपले पर्यायी अहवाल पाठवू शकतात आणि सदस्य ते खरोखर वाचतात. टेलच्या माणसाचा आवाज आत जायला हीच खिडकी.

आता यातली मेख पाहा. आढावा कधी? तर अहवाल आला की. अहवाल कुणी द्यायचा? ज्याची तपासणी व्हायची आहे त्यानंच. कालव्यावर फॉर्म भरतो तो तहानलेला शेतकरी, म्हणून तो वेळेत भरतो. इथे फॉर्म भरायचा आहे ज्याच्या कारभाराची झडती व्हायची त्या सरकारनं. त्यानं भरला नाही तर पाळी सहसा येतच नाही. जो देश प्रामाणिकपणे वेळेत अहवाल देतो त्याला पुन्हा पुन्हा प्रश्न विचारले जातात, आणि जो गप्प बसतो त्याला बहुतेक वेळा कुणी काही विचारत नाही.

भारताचंच पाहू. नागरी आणि राजकीय हक्कांच्या करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला. त्या समितीपुढे १९९७ मध्ये भारताचा आढावा झाला. पुढचा अहवाल २००१ च्या अखेरीस द्यायचा होता. प्रत्यक्षात पुढचा आढावा झाला तो १५ आणि १६ जुलै २०२४ ला. मध्ये सत्तावीस वर्षं. १९९७ मध्ये जन्मलेलं मूल मतदार झालं, नोकरीला लागलं, कदाचित आईबाप झालं, आणि त्याच्या देशाला या कराराबद्दल कुणी समोर बसवून विचारलं नाही. हे एका सरकारचं काम नव्हे. या काळात दिल्लीत वेगवेगळ्या पक्षांची सरकारं येऊन गेली. म्हणूनच मी याला वेळापत्रकाचा प्रश्न म्हणते. २०२४ मध्ये भारताचे ॲटर्नी जनरल आणि सॉलिसिटर जनरल स्वतः शिष्टमंडळात होते. मणिपूरपासून ते अनुसूचित जातींवरच्या अत्याचारांपर्यंत प्रश्न विचारले गेले, उत्तरं दिली गेली. म्हणजे तारीख ठरली की सरकार येतं आणि बोलतं.

आर्थिक आणि सामाजिक हक्कांच्या समितीची गोष्ट मराठवाड्याला जास्त जवळची आहे. तिनं भारताचा आढावा मे २००८ मध्ये घेतला. शेतकऱ्यांच्या वाढत्या आत्महत्यांबद्दल त्या समितीनं तेव्हा स्पष्ट शब्दांत चिंता नोंदवली होती. पुढचा अहवाल २०११ मध्ये यायचा होता. त्यानंतर दीड दशकाहून जास्त काळ भारताची पाळी आलेली नाही. या मधल्या वर्षांत आपल्याकडे काय काय होऊन गेलं ते आठवा. २०१२ चा दुष्काळ, मग लागोपाठची कोरडी वर्षं. २०१६ च्या मार्चमध्ये लातुरात पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करायला बंदी घालावी लागली, जमावबंदीचं १४४ कलम लावून. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. पहिल्या खेपेत दहा वाघिणी, पुढे पन्नास वाघिणींत पंचवीस लाख लिटर. याच समितीनं २००२ मध्ये 'पाणी हा मानवी हक्क आहे' असं सांगणारं सविस्तर टिपण काढलेलं आहे. पाणी हा हक्क आहे असं म्हणणारी समिती आणि रेल्वेनं पाणी पिणारं शहर यांची भेट होण्याची तारीखच कधी आली नाही.

सीडॉचंही असंच काहीसं. समितीनं भारताचा आढावा २०१४ मध्ये घेतला. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण राज्यभर गाजलं ते २०१९ मध्ये. राज्य सरकारच्या समितीनं जिल्ह्यातल्या ब्याऐंशी हजारांवर बायकांची पाहणी केली; त्यांतल्या तेरा हजारांहून जास्त जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कामाचा एक दिवस बुडला तर मुकादम दंड लावतो, अंगावरून जायला लागलं की डॉक्टर पिशवी काढायला सांगतो, आणि उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असल्यानं घरी बसता येत नाही. पाच वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या आढाव्यात हे येणं शक्यच नव्हतं.

मग समित्या जास्त वेळा का बसत नाहीत? इथे थोडं गणित करावं लागेल, पण सोपं आहे.

आठवड्याचे पाच दिवस, दिवसाला तीन-तीन तासांच्या दोन बैठका, म्हणजे आठवड्यात दहा बैठका. एका देशाला दोन बैठका लागतात. त्या हिशोबानं आठवड्यात पाच देश बसायला हवेत. पण निष्कर्ष लिहायचे, त्यावर एकमत करायचं, दुभाष्यांची आणि भाषांतराची सोय लावायची, संघटनांना ऐकायचं, यात निम्म्या बैठका जातात. म्हणून महासभेनं २०१४ च्या ठरावात मोजमाप धरलं ते आठवड्याला अडीच अहवालांचं. बालहक्क करारात १९६ सदस्य आहेत. प्रत्येकाला पाच वर्षांत एकदा पाळी द्यायची म्हटलं तर वर्षाला एकोणचाळीस देश, म्हणजे नुसत्या आढाव्यांना जवळपास सोळा आठवडे. आठ वर्षांत एकदा म्हटलं तर साडेचोवीस देश, दहा आठवडे. व्यक्तींच्या तक्रारी वेगळ्या. प्रत्येक तक्रारीला सरासरी एक तास अठरा मिनिटं धरलेली आहेत. हा सगळा वेळ बिनपगारी माणसांकडून घ्यायचा आहे.

सीडॉच्या करारात तर वेळेची मर्यादा कलमातच लिहून ठेवलेली आहे. समितीनं सर्वसाधारणपणे वर्षाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त बसू नये, असं विसावं कलम म्हणतं. हे वाक्य १९७९ मध्ये लिहिलं गेलं. त्याच काळातल्या दुसऱ्या कुठल्याही समितीवर असा दोर बांधलेला नाही. बायकांच्या प्रश्नाला वर्षातले दोन आठवडे पुरतील असं कुणाला तरी वाटलं. मला हे वाचून राग आला आणि तो अजून गेलेला नाही. १९९५ मध्ये सदस्य देशांनी दुरुस्ती मंजूर केली. ती लागू व्हायला दोन तृतीयांश देशांनी संमती कळवायला हवी. १८९ सदस्यांपैकी १२६ जणांनी. तेवढ्या संमती तीन दशकांत जमलेल्या नाहीत. महासभेच्या खास परवानगीनं समिती आता वर्षातून तीनदा बसते, पण कराराच्या मजकुरात ते दोन आठवडे जसेच्या तसे आहेत.

सुधारणेचा मोठा आराखडा मांडला तो नवी पिल्ले यांनी. त्या दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या, भारतीय वंशाच्या, आणि तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त होत्या. २०१२ च्या अहवालात त्यांनी एक आकडा दिला: २०१० आणि २०११ या दोन वर्षांत ठरल्या तारखेला आलेले अहवाल अवघे सोळा टक्के. त्यावर त्यांचा उपाय सरळ होता. सगळ्या करारांचं मिळून एकच वेळापत्रक लावा, पाच वर्षांचं चक्र, कुठल्याही देशावर वर्षाला दोनपेक्षा जास्त अहवालांचा भार नाही. आणि पाळी आलेल्या देशाचा अहवाल नसला तरी, उपलब्ध माहितीवर आढावा घ्या. कागद लवकर करायचे असतील तर समितीनं आधी प्रश्न पाठवावेत आणि देशानं त्यांचीच उत्तरं द्यावीत. तीच उत्तरं अहवाल समजली जातील.

देशांना हे पचलं नाही. २०१४ च्या ठरावात बैठकांचे आठवडे वाढले, अहवालांच्या शब्दांवर मर्यादा आल्या, पण एकत्रित वेळापत्रक त्यात आलं नाही. मग समित्यांनी आपापल्या पायावर चालायला सुरुवात केली. नागरी हक्कांच्या समितीनं २०१९ मध्ये ठरवलं की २०२० पासून प्रत्येक देशाची पाळी आठ वर्षांच्या चक्रात आधीच ठरलेली असेल. २०२२ मध्ये सगळ्या समित्यांच्या अध्यक्षांनी एकत्र बसून तेच सूत्र मान्य केलं: आठ वर्षांतून एकदा पूर्ण आढावा, मध्ये एकदा पाठपुराव्याचा आढावा.

आठ वर्षं जास्त आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर आजीजवळ राहून पहिलीत गेलेली मुलगी पुढच्या आढाव्याच्या वेळी नववीत असते. असली तर. आपल्याकडे त्याच वयात तिचं लग्न लावून देण्याची घाई सुरू होते. म्हणून मधला चौथ्या वर्षाचा पाठपुरावा हा या सुधारणेचा जीव आहे. खर्च कापायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड त्यावरच पडेल, ही भीती मला आहे. तरीही मी आठ वर्षांच्या ठरलेल्या पाळीच्या बाजूनं आहे, कारण आजवरची खरी तुलना पाच वर्षांशी नव्हती, सत्तावीस वर्षांशी होती. ठरलेली आठ वर्षं मोजता येतात. भारतासाठी नागरी हक्कांच्या समितीचं पुढचं वर्षही लिहून ठेवलेलं आहे: प्रश्नावली २०३० मध्ये, उत्तरं एका वर्षात, आणि समोरासमोर चर्चा २०३२ मध्ये.

काही देश विचारतात, अहवाल न देताच आढावा घेणारे तुम्ही कोण? सार्वभौम राष्ट्राला तारीख लावून देणारे कोण? या प्रश्नात तथ्य अजिबात नाही असं नाही. लहान बेटांच्या देशांत अहवाल लिहायला पुरेशी माणसंही नसतात आणि त्यांना मदत मिळायला हवी. पण करारात सही करताना अहवाल द्यायचं कबूल केलेलं असतं. कबूल केलेली गोष्ट ठरल्या दिवशी मागणं यात सार्वभौमत्वाला धक्का कुठे बसतो, हे मला अजून कळलेलं नाही. आणि परिषदेपुढच्या आढाव्याला हेच देश चारपाच वर्षांनी नियमानं येतात.

खरी अडचण पैशाची आहे. संयुक्त राष्ट्रांचा नियमित खर्च देशांच्या वर्गणीतून चालतो. एकट्या अमेरिकेचा वाटा बावीस टक्के आहे. मोठ्या वर्गणीदारांचे पैसे उशिरा येतात किंवा थकतात, आणि रोकड नसली की बैठका आखडतात. गेल्या काही वर्षांत या टंचाईची झळ समित्यांना थेट बसलेली आहे. पूर्वतयारीच्या बैठका रद्द झाल्या, आढावे पुढे ढकलले गेले. वेळापत्रक कितीही शहाणपणाचं केलं तरी धरणात पाणी नसेल तर आवर्तन सुटत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता बैठक कोणत्या महिन्यात, हा शेवटचा मुद्दा, आणि माझ्यासाठी सगळ्यात जवळचा. आपल्याकडे ग्रामसभा साधारण २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास होतात. ऊसतोडीची गावं दसरा-दिवाळीनंतर रिकामी होतात. टोळ्या गाड्यांत भरून कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे जातात आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलमध्ये परततात. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत त्या गावांत म्हातारी माणसं आणि लहान मुलं असतात. त्या सभेत घरकुलाची यादी ठरली तर कोयत्यावर गेलेल्या जोडप्याचं नाव सुचवायला कुणी नसतं. सभेचा नियम कुणी मोडलेला नसतो. सभा वेळेवर होते, गणपूर्तीही कधी होते, आणि ज्याचा प्रश्न आहे तो माणूस दोनशे किलोमीटरवर उसाच्या फडात असतो.

जिनेव्हाच्या पर्यायी अहवालांचंही हेच होतं. समितीच्या बैठकीआधी काही आठवडे माहिती पाठवायची मुदत संपते. ती मुदत दिल्ली-मुंबईच्या संस्थांना कळते, कारण त्यांच्याकडे त्यासाठी माणूस असतो. संयुक्त राष्ट्रांच्या सहा भाषांत मराठी नाही, त्यामुळे बाईनं सांगितलेलं आधी इंग्रजीत जायला हवं, आणि त्यासाठीही वेळ हवा. तारीख आठ महिने आधी कळली तर एवढं सगळं होतं. तीन आठवडे आधी कळली तर मागच्या अहवालातले परिच्छेद उचलून पाठवले जातात, हे मी जवळून पाहिलं आहे.

गेल्या उन्हाळ्यात, पट्टा पडल्यावर, आम्ही काही जणी बीड जिल्ह्यातल्या एका गावात शाळेच्या खोलीत बसलो होतो. मी फळ्यावर २०३०, २०३१, २०३२ असे आकडे लिहून हेच समजावत होते. मागच्या बाजूला बसलेल्या एका मावशीनं विचारलं, "बाई, हे साल कळालं. पण म्हैना कोनता? आमी गावात असू तवा इचारनार का नसू तवा?"

महिना मला सांगता आला नाही. त्या समितीच्या बैठका मार्च, जुलै आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरत आल्या आहेत, एवढं सांगितलं. मावशीनं बोटांवर मोजलं. जुलैत पेरणी, पण गावात असतो. मार्चमध्ये फडात. ऑक्टोबरात निघायची गडबड, मुकादमाच्या उचलीचा हिशोब. "मंग आमचं म्हननं पावसाळ्यातच लिहून घ्या दर साली," ती म्हणाली, "तिकडं कवा बी बसू द्या."

मी वही पुढे केली आणि तिचा फोन नंबर विचारला. तिचा फोन फडात गेल्यावर लागत नाही, असं ती म्हणाली. तिनं पोरीचा नंबर दिला. पोरगी आठवीत आहे, आजीजवळ गावातच राहते.